ड्रोनचालकांचे वय आणि कामाचा ताण

(कृषी विस्तार अधिकारी, ग्रामपंचायत सदस्य आणि माध्यमिक शिक्षक यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानाचे निमंत्रण घेऊन जे अधिकारी माझ्याकडे आले, त्यांनी विषय ऐकताच हसत हसत विचारले, "यात वयाचा काय संबंध? रिमोट काय, कोणीही धरू शकतो." मी शरीरक्रियाशास्त्राचा शिक्षक आहे. काही वर्षांपूर्वी माझेही मत याच्या नेमके उलट होते. हे काम तरुणांचेच, असे मी धरून चाललो होतो. ही दोन्ही मते चुकीची आहेत, आणि त्यांपैकी दुसऱ्या चुकीची किंमत एका बाईंना मोजावी लागली. ती हकीकत पुढे सांगणारच आहे.

ड्रोन आता आपल्या गावांना नवे राहिलेले नाही. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनच्या साहाय्याने करण्यात आली. २५ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र शासनाने ड्रोन नियम अधिसूचित केले. त्या नियमांनुसार १८ वर्षे पूर्ण झालेल्या, ६५ वर्षांपेक्षा अधिक वय नसलेल्या आणि दहावी उत्तीर्ण असलेल्या व्यक्तीला मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेऊन दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र मिळू शकते. एवढ्या मोठ्या पट्ट्यात आजी आणि नात दोघीही बसतात. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये महिला बचत गटांसाठी 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर झाली. ड्रोनसंचाच्या किमतीच्या ८० टक्के, परंतु ८ लाख रुपयांपर्यंत, साहाय्य आणि निवडलेल्या सदस्येस १५ दिवसांचे प्रशिक्षण अशी तिची रचना होती. तेव्हा गटातील कोणाला पाठवावयाचे, हा प्रश्न सचिवालयात सुटत नाही. तो गावाच्या ओसरीवर, पुष्कळदा आपणांपैकीच कोणाच्या तरी सल्ल्याने, सुटतो. म्हणून हा विषय आपल्यासमोर मांडण्यात मला विशेष रस आहे.

काम कसे असते?

ताण म्हणजे काय हे पाहण्यापूर्वी काम काय आहे ते पाहू. फवारणीचा ड्रोन साधारणतः दहा लिटरची टाकी वाहतो आणि सात ते दहा मिनिटांत सुमारे एक एकर उरकतो. ऐकावयास हे सोपे वाटते. परंतु त्या सात मिनिटांच्या आधी शेताच्या कडा ठरवावयाच्या, विजेचे खांब, ताणाच्या तारा आणि झाडे पाहून ठेवावयाची, वारा मोजावयाचा, औषध मोजून कालवावयाचे. आणि नंतर बॅटरी उतरवून दुसरी चढवावयाची, पहिली थंड होऊ द्यावयाची, जनित्रावर लावावयाची, पुन्हा टाकी भरावयाची. वारा पडलेला असतो तो पहाटे आणि सायंकाळी. म्हणून चालकाला उजाडण्यापूर्वी घर सोडावे लागते. बहुतेक वेळ यंत्र आखून दिलेल्या मार्गावर आपले आपण उडत असते आणि चालक नुसता पाहत उभा असतो. मात्र ज्या क्षणी काही बिघडते, त्या क्षणी दोन-तीन सेकंदांत निर्णय घ्यावा लागतो, आणि तोही बांधावर जमलेल्या वीस-पंचवीस माणसांच्या देखत!

नुसते पाहत उभे राहणे हे विश्रांतीचे काम नव्हे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे रडारचालक पडद्यावरील खुणा का चुकवतात, हे शोधण्यासाठी नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने एक घड्याळ तयार केले. त्याचा काटा सारख्या टप्प्यांनी पुढे सरके आणि क्वचित एखादे वेळी दुप्पट उडी मारी. ती उडी ओळखावयाची, एवढेच काम. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत असे आढळले की, पहिल्या अर्ध्या तासातच माणसाचे लक्ष घसरू लागते. शिकाऊ असो वा अनुभवी, दीर्घकाळ टेहळणी करणाऱ्या प्रत्येकाला हा नियम थोड्याफार फरकाने लागू पडतो.

माझी चूक

आता ती हकीकत. एका बचत गटातून चालक निवडावयाचा होता. इच्छुक दोघी होत्या. एक तेवीस वर्षांची पदवीधर सून आणि दुसरी शेहेचाळीस वर्षांची, दहावीपर्यंत शिकलेली, गटाचे हिशेब लिहिणारी बाई. सल्ला देण्यासाठी मला बोलावण्यात आले. मी प्रयोगशाळेतील एक जुनी पेटी बरोबर नेली होती. दिवा लागला की कळ दाबावयाची आणि किती वेळ लागला ते पाहावयाचे. धाकटीचा प्रतिसाद अर्थातच लवकर आला. मोठ्या बाई प्रत्येक वेळी किंचित मागे पडल्या. मी कागदावर आकडे मांडले आणि धाकटीची शिफारस केली. मोठ्या बाईंना मदतनीस म्हणून ठेवण्यात आले.

धाकटीने काम झपाट्याने उचलले. हंगाम ऐन भरात असताना मी विचारपूस केली, तेव्हा तिने प्रत्येक प्रश्नाला "काही त्रास नाही" असेच उत्तर दिले. तिच्या मागे कामाची रांग लागली होती. "आमचे एवढे आटपून दे" असे म्हणणाऱ्याला नाही म्हणण्याचे बळ घरच्या नव्या सुनेला कोठून येणार? एके दिवशी वारा वाढलेला असतानाही तिने उड्डाण केले आणि ड्रोन खांबाच्या ताणाच्या तारेत गेला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. दुरुस्तीत मात्र तीन आठवडे गेले, आणि त्या तीन आठवड्यांत गटाचे काम दुसरीकडे गेले.

मी पुन्हा गेलो तेव्हा मोठ्या बाईंनी हिशेबाची वही माझ्यासमोर ठेवली. तिच्या मागील पानांवर त्यांनी रोजचा वारा, कोणती बॅटरी किती चालली आणि धाकटी पहाटे किती वाजता उठली, हे लिहून ठेवले होते. अपघाताच्या दिवशीच्या ओळीत लिहिले होते, "आज उडवू नये, असे म्हटले." त्यांच्या म्हणण्याला वजन नव्हते, कारण त्या नापास उमेदवार होत्या, आणि त्यांना नापास करणारा मी होतो.

यावरून म्हातारे तेवढे शहाणे आणि तरुण तेवढे उतावळे, असा अर्थ कृपा करून काढू नये. पुढे मोठ्या बाईंचेही प्रशिक्षण झाले, तेव्हा त्यांच्या अडचणी काही कमी नव्हत्या. पडद्यावरील सूचना वाचण्यासाठी चाळिशी लावावी, तर आकाशातील ड्रोन धूसर. काढावी, तर पडदा धूसर! दुपारी त्यांचे डोके दुखे. धाकटी आजही उत्तम काम करते. दोन माणसांवरून शास्त्रीय नियम सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु माझी पेटी नेमके काय मापत होती, हा प्रश्न त्या वहीने माझ्यापुढे उभा केला.

संशोधन काय सांगते?

त्याचे उत्तर मला टंकलेखनाच्या एका अभ्यासात सापडले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टिमोथी सॉल्टहाउस यांनी १९८४ मध्ये १९ ते ७२ वर्षे वयाच्या टंकलेखकांची परीक्षा घेतली. दिवा लागताच कळ दाबण्याच्या चाचणीत वयस्कर मंडळी मागे पडली. टंकलेखनाच्या वेगात मात्र पडली नाहीत. कारण शोधता असे दिसले की, अनुभवी वयस्कर टंकलेखकाची नजर बोटांच्या पुष्कळ पुढे धावत असते. हात मंदावला, तर त्याने दृष्टी लांबवली. वैमानिकांच्या बाबतीतही असेच काही आढळते. ४० ते ६९ वर्षे वयाच्या ११८ वैमानिकांची कृत्रिम विमानकक्षात तीन वर्षे दरवर्षी चाचणी घेण्यात आली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वयस्कर वैमानिकांचे प्रारंभीचे गुण कमी होते. परंतु ज्यांची पात्रता आणि अनुभव अधिक, त्यांची घसरण कमी झाली.

ताणाशी जुळवून घेणे म्हणजे ताण न जाणवणे नव्हे. कामाची मागणी वाढली असता शरीर आणि मन कोणत्या मार्गाने ती भागवतात, आणि त्यासाठी काय किंमत मोजतात, हे त्यात पाहावयाचे असते. तरुण माणूस बहुधा शरीराच्या शिलकीतून खर्च करतो. वयस्कर माणसाजवळ ती शिल्लक कमी असते, म्हणून तो कामाची मांडणी बदलतो. फेऱ्या कमी घेतो, आधी पायी फिरून शेत पाहतो, शंका आली तर थांबतो. पहिल्याचा खर्च बाहेरून दिसत नाही. दुसऱ्याचे शहाणपण बाहेरून मंदपणासारखे दिसते. केवळ चपळाई मापली तर वयस्कर मनुष्य नापास होतो, आणि केवळ तक्रारी मोजल्या तर तरुण मनुष्य ठणठणीत ठरतो. माझ्या पेटीने आणि माझ्या विचारपुशीने या दोन्ही चुका केल्या.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. अमेरिकेच्या हवाई दलातील ड्रोनचालकांविषयी वृत्तपत्रांतून बरेच वाचावयास मिळते आणि त्यामुळे ड्रोन म्हटले की मनोविकार, अशी समजूत होते. त्या दलातील सुमारे ७०० ड्रोनवैमानिकांची प्रत्यक्ष विमान चालविणाऱ्या पाच हजारांहून अधिक वैमानिकांशी तुलना करणारा अहवाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. वरवर पाहता ड्रोनवैमानिकांत मानसिक तक्रारींचे प्रमाण अधिक होते. परंतु वय, सेवेचा काळ आणि पूर्वेतिहास यांतील फरक हिशेबात घेतल्यावर दोन्ही गटांत लक्षणीय अंतर उरले नाही. त्या दलातील चालकांच्या थकव्याची जी कारणे पुढे आली, त्यांत पाळ्यांचे काम, लांबलेले तास आणि अपुरी माणसे यांना मोठे स्थान होते. आपला चालक युद्ध करीत नाही, बोंडअळीवर औषध फवारतो. पण लांबलेले तास आणि अपुरी माणसे त्याच्याही वाट्याला येतात.

मूल्यमापन कसे करावे?

पहिली गोष्ट म्हणजे एकाची तुलना दुसऱ्याशी करू नये. ज्याची त्याच्याशीच करावी. सोव्हिएत अंतराळवैद्यकातील रोमान बायेव्हस्की यांनी अंतराळवीरांच्या हृदयस्पंदनांवरून ताणाचा निर्देशांक काढण्याची पद्धत विकसित केली. दोन ठोक्यांमधील अंतर निरोगी माणसात सतत थोडे कमीअधिक होत असते. ताण वाढला की हा चढउतार घटतो. परंतु तो वयानुसारही घटत जातो. म्हणजे पन्नाशीतील निरोगी माणसाचा आलेख विशीतील थकलेल्या माणसासारखा दिसू शकतो! दोघांना एकच पट्टी लावली की निर्णय चुकलाच.

आपल्या गावात असे यंत्र नसले तरी चालेल. हंगामापूर्वीच्या निवांत दिवसांत चालकाने दहा दिवस पहाटे उठण्यापूर्वी अंथरुणातच पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी आणि सरासरी काढून ठेवावी. हंगामात हीच नाडी सतत तीन-चार दिवस सात-आठ ठोक्यांनी चढी राहिली, तर विचारपूस करावी. हे रोगनिदान नव्हे, विचारपूस करण्याचे निमित्त आहे. स्त्रियांच्या बाबतीत मासिक चक्राबरोबर नाडीत थोडा फरक पडतो. तसेच पंचेचाळीस-पन्नासच्या सुमारास रजोनिवृत्तीमुळे झोप मोडणे, घाम येणे, छातीत धडधडणे हे प्रकार होतात. ते कामाच्या ताणाच्या खाती टाकून "यांना झेपत नाही" असा शेरा मारणे अन्यायाचे होईल.

झोपेचा विचार वयानुरूप करावा लागतो. विशीच्या आसपास शरीराचे घड्याळ स्वभावतःच उशिरा चालते. पुढे ते हळूहळू अलीकडे सरकते. त्यामुळे पहाटे चारला उठण्याचा भार चाळिशीतल्या बाईपेक्षा विशीतल्या मुलीवर अधिक पडतो, ही गोष्ट आपल्या सहसा लक्षात येत नाही.  डोळ्यांचे तर सांगितलेच. पंचेचाळिशीनंतर भिंगाची लवचीकता ओसरते, आणि जवळचा पडदा व दूरचा ड्रोन यांच्यात नजर सतत फिरवणे कष्टाचे होते. योग्य दुभिंगी चष्मा आणि पडद्यावर उन्हाची आडोशी, एवढ्याने हा ताण पुष्कळ हलका होतो. तो वयाचा दोष मानण्यात अर्थ नाही. तपासणी वेळेवर झाली नाही, एवढेच तेथे घडलेले असते.

कामाचा बोजा विचारण्यासाठी १९८८ मध्ये सँड्रा हार्ट आणि लोवेल स्टॅव्हलँड यांनी अमेरिकेच्या 'नासा' या अंतराळसंस्थेसाठी तयार केलेली सहा प्रश्नांची पद्धत जगभर वापरली जाते. डोक्याला किती काम पडले, अंगाला किती, वेळेची घाई किती होती, काम मनासारखे झाले का, त्यासाठी किती झटावे लागले आणि किती चिडचीड झाली, हे ते सहा प्रश्न होत. आपल्याकडे शून्य ते दहा अशा खुणा करून हे प्रश्न कोणीही शिक्षक विचारू शकेल. मात्र ते सासूच्या किंवा गटाच्या अध्यक्षांच्या समोर विचारू नयेत. मदतनीसाला वेगळे विचारावे. बाहेरून दिसणारा बदल तीच आधी टिपते.

एक इशारा मला विशेष आग्रहाने द्यावयाचा आहे. डोकेदुखी, घाम, चक्कर, मळमळ, धूसर दिसणे ही लक्षणे कोणत्याही वयाच्या फवारणी करणाऱ्या माणसात दिसली, तर ताण म्हणून ती सोडून देऊ नयेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. ड्रोनचा चालक फवाऱ्यापासून दूर उभा असतो हे खरे. पण औषध कालवताना, टाकी भरताना आणि नोझल साफ करताना त्याचा व मदतनीसाचा हात औषधातच असतो. अशा वेळी नाडी आणि प्रश्नावली बाजूला ठेवून कपडे बदलावे, अंग धुवावे आणि त्या माणसाला औषधाच्या डब्यासह तत्काळ दवाखान्यात न्यावे.

ताण कोठून येतो?

एवढे सगळे मापल्यावर असे दिसेल की ताणाचा मोठा भाग चालकाच्या शरीरात नसून व्यवस्थेत आहे. ड्रोन पडला तर खर्च कोणाचा? कर्जाचा हप्ता कोण भरणार? वारा असताना नकार दिला तर त्या दिवसाचा रोज बुडणार का? या प्रश्नांची उत्तरे आधी ठरलेली नसतील, तर विशीतील चालक नकार देणार नाही आणि पन्नाशीतील चालक ते काम स्वीकारणार नाही. आपण मात्र त्याला वयाचा गुणदोष म्हणू.

फिनलंडमध्ये १९८१ पासून नगरपालिकांच्या हजारो प्रौढ कर्मचाऱ्यांचा अकरा वर्षे पाठपुरावा करण्यात आला. वाढत्या वयातही ज्यांची कार्यक्षमता सुधारली, त्यांच्या बाबतीत वरिष्ठांच्या वागणुकीत झालेली सुधारणा हे एक ठळक कारण आढळले. अधिकारी मित्रांनी हे वाक्य माझ्यावर रोष न धरता ऐकावे.

म्हणून माझी सूचना अशी आहे. उड्डाण थांबविण्याचा अंतिम अधिकार चालकाचा आणि मदतनीसाचा, दोघींपैकी कोणाही एकीचा, राहील असा ठराव गटाने करावा आणि ग्रामसभेत तो वाचून दाखवावा. वाऱ्यामुळे किंवा थकव्यामुळे काम थांबले, तर त्या दिवसाचे ठरावीक मानधन गटाच्या खात्यातून द्यावे. शक्य असेल तेथे दोन वेगळ्या वयांच्या सदस्यांची जोडी करावी आणि अर्ध्या-पाऊण तासाने टेहळणीचे काम आलटून पालटून द्यावे. अर्थात रिमोट प्रमाणपत्र असलेल्या हातातच राहील. निवडीच्या वेळी चपळाईची चाचणी हवी तर घ्यावी, पण उमेदवाराला शेत पायी फिरवून "येथे काय काय अडेल?" हेही विचारावे. त्या दिवशी मी हा एक प्रश्न विचारला असता, तर मोठ्या बाईंनी ताणाची ती तार मला बोट करून दाखवली असती. ती त्यांच्याच शेजारच्या वावरात होती.

मोठ्या बाईंच्या वहीवरून तयार केलेला नोंदीचा एक तक्ता वर्गाच्या शेवटी आपणांस देण्यात येईल. त्यात पहाटेची नाडी, झोपेचे तास, वारा, एकर, बॅटरी आणि "आज थांबलो का, कोणाच्या सांगण्यावरून" असे रकाने आहेत. वयाचाही रकाना आहे. परंतु तो हंगाम संपल्यावर भरावयाचा आहे. येत्या खरिपात दोन-तीन गटांनी तो वापरून पाहावा आणि त्यात जे अडेल ते मला कळवावे.